तू सांगितलेला शेवट

मधू,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. घसा बसलाय असं सांगून मागच्या रांगेत बसून राहिलो. घशाला काहीएक झालं नव्हतं. पुढे एकेक जण उठून तुला हसतमुख, मनमिळाऊ, कामसू वगैरे ठरवत होता आणि मी मनात म्हणत होतो, हसतमुख कधी होता हा? चहा जरा गार झाला तरी कपाळाला आठ्या घालणारा माणूस. सिनेमाच्या धंद्यातल्या एका जुन्या माणसाने तर तू सगळ्या सिनेमांवर सारखंच प्रेम केलंस असं ठोकून दिलं. एका सिनेमाने तुझी आयुष्यभर पाठ सोडली नाही, हे त्या सभेत फक्त मला आणि तुझ्या घरच्या दोघांना माहीत होतं.

त्याच सिनेमावरून आपलं पंधरा वर्षं भांडण चाललं होतं. ते अर्धवट राहिलं. भांडणात चूक माझी होती हे मला तुझ्या दहाव्याला कळलं, म्हणजे ऐकून घ्यायला तू नसताना. चूक कबूल करायला मी नेहमीच उशीर लावतो, पण इतका उशीर कधी लावला नव्हता. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपली मैत्रीच मुळी माझ्या लबाडीवर उभी होती, हे आधी सांगून टाकतो. मी पाटबंधारे खात्यात कारकून आणि शनिवारी नाशिकच्या एका दैनिकात चित्रपट परीक्षक. नवा सिनेमा शुक्रवारी तीनच्या खेळाला लागायचा आणि पुरवणीचं पान सहाला बंद व्हायचं. तीन तासांचा सिनेमा पूर्ण बघून, सायकल हाणत ऑफिस गाठून, वर दीड कॉलम लिहायचा, हे कोणाच्याच बापाला जमलं नसतं. त्यावर तोडगा तू काढलास. तू थिएटरच्या ऑफिसात होतास. फिल्मची पेटी आली की गुरुवारी ट्रायलचा खेळ व्हायचा, तो तू बघितलेला असायचा. मी मध्यंतरापर्यंत बघायचो, मग तू मला कँटीनच्या मागच्या ओट्यावर नेऊन चहा आणि खारी समोर ठेवायचास आणि उरलेला सिनेमा सांगायचास. नुसता सांगायचास कसला, करून दाखवायचास. गाडी दरीत कोसळली की कपातला चहा सांडायचास. पार्श्वसंगीतसुद्धा तोंडाने वाजवायचास. एकदा संपादक मला म्हणाले होते, तुमचं उत्तरार्धाचं निरीक्षण फार बारीक असतं. मी मान खाली घालून आभार मानले होते.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग तो सिनेमा आला.

दोन भावांचा सिनेमा. थोरला गोदीत हमाली करता करता टोळीत शिरतो आणि हळूहळू टोळीचा मालक होतो. धाकटा एका दवाखान्यात कंपाउंडर. मध्यंतर झालं तेव्हा थोरल्याच्या मागे पोलीस आणि दुसरी टोळी दोघंही लागलेले, आणि धाकट्याला एकट्यालाच त्याचा ठावठिकाणा माहीत. मी उठलो, कँटीनच्या मागे आलो. तू आधीच येऊन बसला होतास.

त्या दिवशी तू हात हलवले नाहीस. माझ्याकडे बघतही नव्हतास, समोरच्या रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटकडे बघत होतास. थोरला एका संध्याकाळी धाकट्याच्या घरी जेवायला येतो, तू म्हणालास. धाकटा पोलिसांना कळवायचं ठरवतो, पण ऐनवेळी त्याच्याने होत नाही. तो मागचं दार उघडून भावाला पळवून लावतो. पुढे दुसरी टोळी त्याला बंदरावर गाठते. संपलं. मी घड्याळ बघितलं, पाच वाजायला आले होते. आज एवढ्यात आटोपलंस, असं मी म्हणालोसुद्धा. पण मला घाई होती आणि घाईत असलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मी खारीचा तुकडा तोंडात कोंबून सायकलवर टांग मारली.

शनिवारी परीक्षण छापून आलं. धाकट्याने उघडलेल्या त्या मागच्या दारावर मी अर्धा कॉलम खर्ची घातला होता. कायदा एका बाजूला आणि रक्त दुसऱ्या बाजूला, वगैरे वगैरे. माझ्या मते मी इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं.

मंगळवारपर्यंत पत्रांचा ढीग पडला. परीक्षक महाशयांनी नक्की कोणता चित्रपट पाहिला, असं बहुतेकांनी विचारलं होतं. गंमत म्हणजे चार-दोन जणांनी मला दुजोरा दिला होता. मागच्या दाराचा प्रसंग बघून आमचेही डोळे पाणावले म्हणे. संपादकांनी ती दोन्ही प्रकारची पत्रं माझ्यापुढे टाकली आणि एवढंच विचारलं, तुम्ही सिनेमा बघितला का? मी त्याच दिवशी सहाच्या खेळाला तिकीट काढून बसलो, आणि पहिल्यांदा तुझ्या थिएटरात एक सिनेमा शेवटपर्यंत बघितला.

मागचं दार नव्हतंच. धाकट्याने पोलिसांना आधीच कळवलेलं असतं. थोरला जेवायला बसतो. वाढताना धाकट्याचा हात थरथरतो आणि थोरल्याला सगळं कळतं.  तो शांतपणे जेवण संपवतो, हात धुतो, धाकट्याच्या डोक्यावरून ओला हात फिरवतो आणि पुढच्या दाराने बाहेर पडतो. मग गोळ्यांचा आवाज. आणि त्या आवाजावर खालच्या स्टॉलमधून उठलेला लोकांचा आवाज, गद्दार, गद्दार. बाल्कनीतून काहींनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना जिन्यावर दोन माणसं जवळजवळ हातघाईवर आली होती. एकाचं म्हणणं, धाकट्याने शहाणपणा केला, उद्या अजून दहा जण मेले असते. दुसऱ्याचं म्हणणं, मग दहा मेले असते, आपला तर वाचला असता.

मी तडक तुझ्या ऑफिसात आलो. काय काय बोललो ते आता लिहायची लाज वाटते. तू मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, तुला माझी मजा करायची होती, तुला माझा हेवा वाटत होता, असं बरंच. तू टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत होतास. एवढंच म्हणालास, "चुकलं माझं." मला वाटलं, चोर पकडला गेला की असंच म्हणतो. असं का केलंस हे मी विचारलं नाही. मधू, खरंच सांगतो, तो प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही.

पुढच्या शनिवारी माझा खुलासा छापून आला. थिएटरच्या एका कर्मचाऱ्याने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे, असं मी त्यात लिहिलं. अर्धा सिनेमा बघून परीक्षण लिहिण्याचा माझा वर्षभराचा उद्योग त्या वाक्याआड बेमालूम लपून गेला. खाली दुसरं परीक्षण, या वेळी पूर्ण सिनेमाचं. त्याच्या शेवटचं वाक्य गावभर गाजलं. सलूनमध्ये लोक ते मला म्हणून दाखवायचे. मला ते अजून पाठ आहे आणि तुलाही होतं. 'सख्ख्या भावाच्या ताटाशी सापळा लावणाऱ्याला कायदा शाबासकी देईल, पण प्रेक्षक त्याला कधीही माफ करणार नाही.'

मालकाला कर्मचारी कोण ते शोधायला पाच मिनिटंही लागली नसतील. त्याने तुला ऑफिसातून उठवून स्टॉलच्या दारावर उभं केलं. बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायच्या आणि खेळ सुटला की दार उघडायचं. सिनेमा नऊ आठवडे चालला. नऊ आठवडे, दिवसाला चार खेळ, तू त्या दारात उभा होतास. मला हे माहीत होतं. पहिला आठवडाभर तर मला बरंही वाटलं, बरी अद्दल घडली म्हणून. नंतर वाईट वाटायला लागलं, पण ते वाईट वाटणं घेऊन मी तुझ्याकडे आलो नाही, दुसऱ्या थिएटरच्या सिनेमांवर लिहीत राहिलो. सिनेमा उतरला त्याच आठवड्यात मालकाने तुलाही उतरवलं.

मग तू एका वितरकाकडे लागलास. फिल्मची पेटी घेऊन गावोगाव फिरायचं, ती त्या थिएटरात जेवढे दिवस असेल तेवढे दिवस तिथेच मुक्काम करायचा, आणि मुदत संपली की पुढच्या गावाला घेऊन जायची. पहिली पेटी तुझ्या हातात कोणती दिली त्यांनी? तीच. सिन्नर, लासलगाव, देवळा, सगळीकडे तू त्या दोन भावांना सोबत घेऊन एसटीने हिंडलास.

वर्षभराने तू माझ्या कचेरीत आलास ते मला नीट आठवतं. हातातल्या पिशवीत तुमच्या मळ्यातले फ्लॉवरचे दोन गड्डे. माझ्या टेबलावर ठेवलेस, आणि जणू कालच बोलणं अर्धवट राहिल्यासारखा म्हणालास, "लेखक, सिन्नरला निम्मे लोक तुझ्या बाजूनं हायेत." मी हसलो. मला इतकं हलकं वाटलं की माफी मागायची राहूनच गेली. आपण खाली टपरीवर गेलो, तू चहा गार आहे म्हणून कुरकुर केलीस, आणि आपली गाडी रुळावर आली असं मी समजलो. मैत्री परत द्यायला तू आलास, मी नाही. याबद्दलचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आता मानतो.

त्यानंतर दर गावाहून तू मतं घेऊन यायचास. खेळ सुटला की तू थिएटरबाहेरच्या टपरीवर जाऊन उभा राहायचास आणि अनोळखी माणसांना विचारायचास, धाकट्याने केलं ते बरोबर का? सिन्नरला कारखान्यातली पोरं म्हणाली होती, त्याने आधी भावाला सांगायला हवं होतं, मग पोलिसांना. लासलगावला कांद्याच्या मार्केटातला एक हमाल म्हणाला, निदान पोटभर जेवू तर घातलं, आमच्याकडे तेवढंही कोणी करत नाही. देवळ्याला एक म्हातारा तुझ्याकडे बघून नुसतं अहिराणीत म्हणाला होता, "सख्खा भाऊ शे ना तो," आणि तंबाखू मळत निघून गेला.  आणि एका बाईने तुला उलट विचारलं होतं, त्या दोघांच्या आईला कोणी विचारलं का? तिचा हा प्रश्न तू मला तीनदा तरी सांगितला असशील.

मी तुझी टिंगल करायचो. सरकारने तुला जनगणनेवर घ्यायला पाहिजे म्हणायचो. तुझं स्वतःचं मत काय रे, असं विचारलं की तू म्हणायचास, माझं काय, मी पेटीचा राखणदार. मग मी माझं मत ऐकवायचो. माझं मत पक्कं होतं, छापून आलेलं होतं. तू म्हणायचास, सिनेमा लय भारी, पण शेवट असा नको होता. मी म्हणायचो, शेवट असाच पाहिजे, म्हणून तर धाकट्याचा तिटकारा येतो. इथे तू गप्प व्हायचास आणि मला वाटायचं, जिंकलो.

तुझा थोरला भाऊ दत्तू तुरुंगात आहे हे मला तेव्हा माहीत होतं. बाजार समितीत वसुली करणाऱ्या टोळक्यात तो होता, मारामारीत एक माणूस गेला, दत्तूला शिक्षा झाली, एवढं गावात सगळ्यांनाच माहीत होतं. तू त्याविषयी बोलायचा नाहीस म्हणून मीही काढायचो नाही. याला मी माझा समंजसपणा समजत होतो. हा दत्तू आणि तो सिनेमा या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं परीक्षक म्हणवणाऱ्या माणसाला एकदाही वाटलं नाही, याचं मला आता आश्चर्य वाटतं आणि शरमही.

दत्तू सुटून आला तोवर सिनेमे केबलवर आले होते आणि पेट्या घेऊन फिरणारी माणसं घरी बसली होती. तुम्ही दोघं भाऊ मखमलाबादच्या मळ्यात गुलाब लावायला लागलात. एकदा रविवारी दुपारी मी तुमच्याकडे जेवायला आलो होतो. तू, मी, दत्तू, आणि वाढायला तुझी बायको, सुनंदावहिनी. टीव्ही चालू होता आणि त्यावर तो सिनेमा लागला. मी तर खूश झालो. जेवणं उरकून आपण तिथेच बसलो. शेवट जवळ आला तसा तू उठलास. लाइट आली असेल, विहिरीवरची मोटार टाकून येतो म्हणालास. लाइट तर सिनेमाभर होतीच.

तू गेलास आणि मी दत्तूला व्याख्यान दिलं. ते जेवण, तो थरथरणारा हात, तो ओला हात, सगळं समजावून सांगितलं, आणि वर ते वाक्यही म्हणून दाखवलं. ताटाशी सापळा लावणाऱ्याला. दत्तू पडद्याकडे बघत होता. वहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, माझ्या शर्टावर आमटी सांडली आहे. सिनेमा संपल्यावर दत्तू म्हणाला, चांगलं लिहिलं होतं तुम्ही. मी ते कौतुक म्हणून घेतलं. तू मळ्यातून परत आलास ते थेट माझ्यासाठी गुलाबांची जुडी बांधूनच. मला फाटकापर्यंत पोचवायला आलास आणि विचारलंस, दादा काय म्हणाला? मी म्हणालो, त्याला माझं म्हणणं पटलं.

मधू, तू त्या वेळी फाटकाला कडी लावत होतास. ती तुला बराच वेळ लावता येत नव्हती. मी तेही बघितलं आणि माझ्या वाटेने चालू लागलो.

आणि मग एके दिवशी तू गेलास. सकाळी फुलं बाजारात पाठवून आलास, छातीत दुखतंय म्हणालास आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलास. दहाव्याला गोदाकाठी, गंगेवर, सगळे विधी दत्तूने केले. मुंडन केलेल्या डोक्यावर टॉवेल टाकून तो पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की मधूने तुमच्या पाठीमागे घर सांभाळलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला धरून कोणी दिलं, माहीत हाय का तुम्हाला?"

मग त्याने सांगितलं. माणूस गेला त्यानंतर तो अकरा दिवस मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत लपला होता. हे फक्त तुला माहीत होतं. तू दोन वेळा भाकरी घेऊन जायचास आणि त्याचं खाणं होईपर्यंत बसायचास. बाराव्या दिवशी भाकरी ठेवलीस आणि बसला नाहीस. पाच मिनिटांत पोलीस आले. "पिक्चरमधल्यासारखा मी काय शांतपणे नाय उठलो," दत्तू म्हणाला. "तो बांधावर उभा होता. मला ओढत नेत होते आणि मी त्याला एकच शब्द ओरडत होतो. गाडीत घालेपर्यंत तोच शब्द."

कोणता शब्द, हे मी विचारलं नाही. स्टॉलच्या दारावर नऊ आठवडे, दिवसाला चार वेळा, तो शब्द ऐकायला मीच तुला उभं केलं होतं. पायरीवर बसल्या बसल्या माझे हातपाय गार पडले. दत्तूला वाटलं मला ऊन लागलं, तो माझ्यासाठी पाणी आणायला उठला. ज्याने स्वतःच्या धाकट्या भावाचं पिंडदान नुकतं केलं होतं तो मला पाणी आणून देत होता.

नंतर तुमच्या घरी वहिनींनी उरलेलं सांगितलं. तू त्यांना लग्नाआधीच सगळं सांगून टाकलं होतंस, नंतर कळायला नको म्हणून. दुसरी टोळी दत्तूला शोधत मळ्यापर्यंत येऊन गेली होती, पोलिसांच्या हाती लागला तर निदान जगेल, असा तू हिशोब केला होतास. त्या शुक्रवारचंही त्यांना आठवत होतं. तू घरी आलास, चपला काढल्या आणि म्हणालास, "आज मी त्याला मागच्या दारानं पळवून लावलं." त्यांना वाटलं तुरुंगातून काही निरोप आला. मग तू सांगितलंस की पिक्चरमधल्याला. त्या दिवशी तू बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलास म्हणे. पुढच्या शनिवारी माझा खुलासा आला.

तुला राग कसा नाही आला माझा? आला असणारच. वर्षभर आला नाहीस तो त्याच रागात असशील, असं मी वहिनींना म्हणालो. त्या म्हणाल्या, नाही, त्यांना वाटत होतं तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. ते वाक्य ते मला मधूनमधून म्हणून दाखवायचे. मला हे ऐकवेना. मी चहा न घेता निघालो, आणि वहिनींनी पहिल्यांदाच मला थांबा म्हटलं नाही.

मी आयुष्यभर सिनेमांवर मतं दिली, मधू. त्यातली बरीचशी अर्धा सिनेमा बघून दिली, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तू मात्र गावोगाव, टपरीटपरीवर तोच एक प्रश्न विचारत फिरलास आणि मला ती तुझी हौस वाटली. एखाद्या तरी गावात कोणी तुझ्याकडे नीट बघून विचारायला हवं होतं की बाबा, तू हे का विचारतोयस? सिन्नरच्या, देवळ्याच्या लोकांना तू अनोळखी होतास, त्यांचं सोड. मी दर आठवड्याला तुझ्यासमोर बसत होतो. तू मला वेगळा शेवट सांगितलास, मी त्याला थाप समजलो. मला फक्त का एवढं विचारायचं होतं. तू कदाचित सांगितलंही नसतंस, पेपरवेट फिरवत बसला असतास. पण विचारलंय कोणीतरी, हे तरी तुझ्यापाशी राहिलं असतं.

काल मी मळ्यात गेलो होतो. दत्तू गुलाबाची छाटणी करत होता. आम्ही बांधावर बसलो. मी त्याला म्हणालो की माझं ते वाक्य चुकलं, ते मी मागे घेतो, तुमच्यासमोर म्हणालो होतो म्हणून तुमच्यासमोरच मागे घेतो. तो कात्रीची पाती पुसायला लागला. मी त्याला थेट विचारलं, मधू बरोबर होता की चुकला? तो म्हणाला, आत होतो तेव्हा वाटायचं, सुटलो की पहिलं त्यालाच बघून घेतो. मग एकेकाची बातमी यायला लागली. त्याच्याबरोबरचे चौघं होते, चौघंही वर्षा-दीड वर्षात मारले गेले. "मी जिवंत हाय तो त्याच्यामुळं," दत्तू म्हणाला. "आणि तरी कधी कधी वाटतं, त्यानं असं करायला नको होतं. दोन्ही वाटतं."

हे त्याला कधी बोललात का, असं मी विचारलं.

"सुटून आलो त्याला सात वर्षं झाली. सातही वर्षं रोज संध्याकाळी एकाच ताटात जेवलो आम्ही," तो म्हणाला. "माझा घास संपेपर्यंत तो उठायचा नाय. पाणी पिऊन मी हात धुतला की मगच उठायचा. रोज वाटायचं, आज म्हणू, बस झालं आता, तू निवांत जेव. रोज म्हणायचो, उद्या म्हणू."